निदानाआधीचा निवाडा

जहाजावरची किंवा आखातातली नोकरी ठरते, विम्याचा अर्ज भरायचा असतो, एखादी लहानशी शस्त्रक्रिया व्हायची असते, म्हणून रक्त तपासले जाते. माणूस धडधाकट असतो. भूक चांगली, झोप चांगली, कावीळ कधी झालेली नाही, पोटात दुखत नाही. तरी कागदावर यकृताच्या तपासणीतल्या एसजीपीटीचा आकडा प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेच्या वर गेलेला दिसतो. गोव्यात, मग ते पेडणे असो की डिचोली, या आकड्याचा अर्थ डॉक्टरांच्या आधी घरात, शेजारात आणि कामाच्या ठिकाणी लागलेला असतो. पुरुष असला तर तो गुपचूप पीत असणार. बाई असली तर देवाचे काहीतरी राहून गेले असणार, कोणाची नजर लागली असणार, घराण्याचा कुठला तरी जुना दोष उभा राहिला असणार. दोन्हीकडे कारण सापडलेले नसते, पण दोषी सापडलेला असतो. म्हणून हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा वाटतो. कारण ठाऊक नसते तेव्हा त्या रिकाम्या जागी काय ठेवण्याचा आपल्याला अधिकार आहे? माझे म्हणणे असे की तिथे संशयच ठेवावा. मात्र तो न्यायदर्शनाने चौकशीची पायरी मानलेला संशय असावा, माणसाच्या चारित्र्यावर घेतलेला नव्हे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ सांगितले आहेत. प्रमाण आणि प्रमेय यांच्या लगोलग तिसरा येतो तो संशय. निर्णय पार पुढे, नववा. मधल्या पायऱ्या गाळून संशयावरून थेट निर्णयावर उडी मारली की काय घडते, हे नैयायिकांनी हेत्वाभासांच्या चर्चेत बारकाईने दाखवले. त्यांचा नेहमीचा दाखला आहे: डोंगरावर अग्नी आहे म्हणून तिथे धूर असलाच पाहिजे, असे कोणी म्हणाले तर ते अनुमान टिकत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. जो हेतू (इथे अग्नी) साध्याला (इथे धुराला) सोडून दुसरीकडेही सापडतो तो व्यभिचारी. ‘एसजीपीटी वाढले, म्हणजे दारू’ हे अनुमान नेमके याच जातीचे आहे. दारू न पिणाऱ्या कितीतरी माणसांत हा आकडा वाढलेला असतो, आणि त्यातला प्रत्येक जण त्या अनुमानासाठी तापलेल्या लोखंडाचा गोळाच आहे.

हेतू किती भटका आहे हे त्याच्या इतिहासातही दिसते. एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशींच्या आत काम करणारी विकरे. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. 1954 साली न्यूयॉर्कमध्ये लाड्यू, व्रोब्लेव्स्की आणि कार्मन यांनी रुग्णांच्या रक्तात एसजीओटी मोजले तेव्हा त्यांचे लक्ष यकृताकडे नव्हते. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाचा स्नायू मरतो, त्याची खूण त्यांना सापडली होती. हे विकर हृदयात, हातापायांच्या स्नायूंत, मूत्रपिंडात आणि तांबड्या पेशींतही असते. चिरेखाणीवर दिवसभर घाम गाळणाऱ्याचे किंवा नव्यानेच व्यायामशाळेत वजने उचलू लागलेल्या तरुणाचे दोन्ही आकडे काही दिवस, कधी आठवडाभरही, चढलेले राहू शकतात. सोबत सीके ही स्नायूंची तपासणी केली की उलगडा होतो. नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तरी एसजीओटी वाढते. क्वचित असेही होते की हे विकर रक्तातल्या प्रतिपिंडाला चिकटून बसते, त्यामुळे लवकर बाहेर टाकले जात नाही, आणि माणूस पूर्ण निरोगी असूनही त्याचे एसजीओटी वर्षानुवर्षे वाढलेले राहते. तिथे आकडा खरा आहे, रोग मात्र नाही. आणि उलटही खरे: यकृत किती काम करते हे ही विकरे सांगतच नाहीत. ते अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ सांगतात. जुन्या सिरोसिसमध्ये एसजीपीटी अगदी साधे निघू शकते.

मग ती छापलेली मर्यादा तरी काय आहे? बहुतेक प्रयोगशाळांत निरोगी समजल्या गेलेल्या लोकांचा एक गट घेतात आणि मधले 95 टक्के आकडे ‘सामान्य’ धरतात. म्हणजे त्या गटातलेच दर 100 पैकी दोन-तीन जण केवळ व्याख्येमुळे वरच्या रेषेपलीकडे पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा 20 तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर त्यांपैकी निदान एक तरी रेषेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के येते. शिवाय रेषा कुठे ओढायची यावरही एकमत नाही. अनेक कागदांवर 40 छापलेले असते; इटलीतल्या संशोधकांनी 2002 मध्ये ती पुरुषांसाठी 30 आणि स्त्रियांसाठी 19 असावी असे सुचवले, कारण जुन्या ‘निरोगी’ गटांतही यकृतात चरबी असलेली माणसे मिसळलेली होती. कालपर्यंत निरोगी असलेली स्त्री रेषा सरकल्यामुळे आज संशयित होते, तिच्या शरीरात काहीही बदललेले नसताना. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ज्यांचे एसजीपीटी वाढलेले निघाले, त्यांचे रक्त थोड्या दिवसांनी पुन्हा घेतले तेव्हा 30 टक्क्यांहून अधिक लोकांचा आकडा मर्यादेत आला होता. पहिल्या कागदावरून निवाडा करणारा प्रत्येक जण या 30 टक्क्यांवर अन्याय करतो.

इथे कोणी म्हणेल, मग आकडा सोडूनच द्यावा. तसे नाही, आणि हा निष्कर्ष पहिल्या निवाड्याइतकाच घातक आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम येथे लक्षणे नसलेल्या पण विकरे वाढलेल्या 354 जणांच्या यकृताचा तुकडा तपासला गेला, त्याचे निष्कर्ष 2001 मध्ये आले. पूर्ण निर्दोष यकृत फक्त 6 टक्क्यांत निघाले. दोन तृतीयांशांत चरबी होती, त्यांतल्या निम्म्यांत चरबीबरोबर दाहही. उलट बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सामान्य दवाखान्यांत तपासणी अनियमित निघालेल्या 1290 जणांचा पाठपुरावा केला, तेव्हा यकृताचा ठरावीक, नाव देता येण्याजोगा विकार 5 टक्क्यांहून कमी लोकांत सापडला. दोन्ही खरे आहे. पहिल्या गटातली माणसे इस्पितळापर्यंत पोचलेली, आकडा टिकून राहिलेली, तुकडा काढण्याइतकी शंका आलेली होती. दुसऱ्या गटात कोणीही असू शकत होते. त्याच आकड्याचा अर्थ तो कोणाच्या शरीरात, किती दिवस, कशाच्या सोबतीने आहे यावर ठरतो. तेच ते ओले सरपण.

‘मला काही होत नाही, मग मला रोग कसा?’ हा प्रश्न धर्माच्या अंगाने अधिक खोल आहे, कारण आपल्या संतपरंपरेने अनुभवाला सर्वांत वरचे स्थान दिले. बांद्याचे कुलकर्णीपद सोडून नाथपंथाच्या वाटेला लागलेले सोहिरोबानाथ आंबिये याच मुलखातले. घराणे पेडणे तालुक्यातल्या पाळये गावचे, आणि विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. त्यांच्या अक्षय्यबोधासारख्या ग्रंथांचा सगळा भर पुस्तकी ज्ञानापेक्षा स्वानुभवावर. पण तो अनुभव आत्म्याचा आहे, यकृताचा नाही. यकृताच्या आतल्या मांसाला वेदना कळत नाहीत. वेदना त्याच्या वरच्या आवरणाला, तेही ते ताणले गेले तरच. इंद्रियाचा विषयाशी संबंधच येत नसेल तर प्रत्यक्ष कुठून येणार? भारतीय तर्काने यासाठी एक फार नेमकी अट घातली आहे: एखादी वस्तू दिसत नाही म्हणून ती नाही असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा ती असती तर दिसलीच असती. उजेडात रिकाम्या जमिनीवर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. दुखत नाही म्हणून यकृत ठीक आहे, हे अंधारातल्या घड्याबद्दलचे विधान आहे. सुश्रुताने स्वस्थ कोणाला म्हणावे हे सांगताना मन आणि इंद्रियांची प्रसन्नता धरलीच, पण त्याआधी दोष, अग्नी, धातू आणि मल यांचा समतोलही धरला. नुसती प्रसन्नता त्याला पुरेशी वाटली नाही. व्याधीच्या सहा अवस्थांत रोग उघड होतो तो पाचव्या अवस्थेत; आधीच्या चार तोवर शरीरात घडून गेलेल्या असतात, आणि वैद्याने तिथेच हात घालावा असे तो म्हणतो.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती 1980 सालची घटना. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे यकृत मद्यप्याचे असावे तसेच दिसत होते: चरबी, दाह, काहींत व्रणही. पण ही माणसे दारू पीत नव्हती. तोवर या रोगाला नाव नव्हते. नाव नव्हते म्हणून जगभरच्या किती दवाखान्यांत ‘मी घेत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाला खोटे ठरवले गेले असेल! तो खरे सांगत होता. उणीव त्याच्या शीलात नव्हती, वैद्यकाच्या ज्ञानात होती. तशीच गोष्ट कावीळ सीची. 1970 आणि 80 च्या दशकांत रक्त घेतल्यानंतर कित्येकांची विकरे चढत, ए आणि बी हे दोन्ही विषाणू सापडत नसत, आणि कारण अज्ञात राही. 1989 मध्ये विषाणू ओळखला गेला. त्या कामासाठी 2020 चे नोबेल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना मिळाले. 2008 मध्ये पीएनपीएलए3 या जनुकाचा एक भेद सापडला, जो ज्याच्याकडे असेल त्याच्या यकृतात चरबी सहज साठते. म्हणजे ‘अकारण’ असे ज्याला म्हटले गेले, त्याचा फार मोठा भाग केवळ अजून न कळलेला होता. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात वैद्याला सांगितले आहे की एखाद्या विकाराचे नाव सांगता आले नाही तर लाज वाटून घेऊ नये, कारण सगळ्याच विकारांना ठरलेली नावे नसतात. ही वैद्याला दिलेली सवलत आहे खरी. पण वैद्याला लाज नको, तर रुग्णाला तरी ती का असावी?

आपल्याकडे या अज्ञाताला आणखी एक बाजू आहे. चरबीचे यकृत म्हणजे लठ्ठ, खाऊनपिऊन सुखी माणसाचा रोग अशी समजूत पक्की असल्याने सडपातळ माणसाच्या बाबतीत तो विचारच होत नाही, आणि मग उरते दारू. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, खेड्यांतल्या 1911 प्रौढांच्या पाहणीत 8.7 टक्क्यांच्या यकृतात चरबी निघाली; त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांचे ना वजन जास्त होते, ना पोट सुटलेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये इंग्लंडच्या जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. पण युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2. अशा अंगलटीच्या समाजात आणखी एक आकडा ठेवा: आयसीएमआरच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, 26.4 टक्के. पेडण्यातल्या काटक, न पिणाऱ्या माणसाचे एसजीपीटी वाढले तर आधी साखर आणि कंबर मोजायला हवी, त्याची बाटली शोधायला नव्हे.

यावर समोरून येणारा आक्षेप मी हलका मानत नाही. माणसे पिण्याबद्दल खोटे सांगतात. काजूची फेणी, उर्राक, माडाची दारू ज्या भूमीत घरोघरी ठाऊक आहे, तिथे डॉक्टरांनी शंका घेतली तर चुकले काय? काहीच चुकले नाही. पण शंका घेणे आणि शंकेवर निवाडा देणे यांत अंतर आहे. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या दर 100 पुरुषांपैकी सुमारे 37 जणांनी आपण दारू घेतो असे सांगितले. काहींनी लपवले असेल असे धरले तरी न पिणाऱ्यांची संख्या फार मोठी राहते, आणि वाढलेल्या आकड्याचा माणूस त्यांच्यातला नाही असे मानायला आधार लागतो. तो आधार मिळवता येतो: एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे का, जीजीटी हे विकर चढले आहे का, तांबड्या पेशींचा आकार वाढला आहे का, काही आठवडे दारू पूर्ण बंद ठेवल्यावर जीजीटी उतरते का. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, जत्रेआधी व्रत धरतात, दारू आणि मासे-मांस सोडतात. त्यांच्यातल्या कोणाची व्रताआधी आणि नंतर तपासणी झाली, तर श्रद्धेने पाळलेले तेच दिवस निदानालाही उपयोगी पडतील. प्रश्न सगळ्यांना सारखा विचारावा, पुरुषाला, बाईला, भटजींना, पाद्रींना. आणि उत्तर आधी खरे धरावे. शब्द हे प्रमाण आहे, आणि न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्त कोण हे सांगताना ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही तोच निकष लावला: ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जशी ठाऊक तशी सांगायची इच्छा आहे तो. आपल्या ग्लासात काय होते हे पिणाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

कित्येकदा तर कारण लपलेलेही नसते; ते विचारलेलेच नसते. ‘औषध घेता का?’ या प्रश्नाला माणूस प्रामाणिकपणे नाही म्हणतो, कारण रोजचा काढा त्याच्या लेखी औषध नाही. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्ण नोंदवले, पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतून 43. त्यांच्या यकृताला झालेल्या इजेचा संबंध गुळवेलीशी लावला गेला. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही, वाद अजून मिटलेला नाही. पण गुळवेल निर्दोष ठरली तरी ती घेतली जाते हे डॉक्टरांना कळलेच पाहिजे, आणि ते प्रश्न नीट विचारला तरच कळते.

आता दैवाकडे वळतो, कारण बाईच्या बाबतीत बोट बहुधा तिकडेच दाखवले जाते. आपल्या देवळांत पाकळ्या लावून प्रसाद घेतात, गाऱ्हाणे घालतात. पेडण्याच्या पुनवेला भगवतीच्या देवळाकडे पीडा लागली असे समजून माणसे आणली जातात. या श्रद्धेची हेटाळणी करण्यात मला काही मोठेपणा दिसत नाही. उजवी पाकळी पडली की डावी, या प्रश्नाला बसलेले माणूस पुष्कळदा कारण विचारत नसते; पुढे काय करू, हे विचारत असते, आणि निर्णयाचे ओझे वाटून घ्यायला कोणीतरी हवे असते. अपाय होतो तो प्रश्न ‘कोणाचा दोष?’ असा झाला की. कर्मसिद्धांत मानणारा म्हणेल, दुःखाला कारण असतेच, ते या जन्मात नसेल तर मागच्यात. मानले. पण तोच सिद्धांत शिकवणाऱ्या गीतेच्या चौथ्या अध्यायात कर्माची गती गहन असल्याचे सांगितले आहे. जी गती अर्जुनालाही गहन, ती शेजारच्या माणसाला सुनेच्या रक्ताच्या कागदावरून कशी वाचता येते? कर्माचा सिद्धांत स्वतःच्या वागण्याला लावायचा. दुसऱ्याच्या रोगाला तो लावला की त्याचा आरोप होतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत वाचल्या जाणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानातही नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाबद्दल हेच विचारतात, पाप याचे की याच्या आईवडिलांचे; आणि येशू दोघांचेही नाही असे सांगतो. वैशेषिकांनी लोहचुंबकाकडे सुई सरकते, अग्नीची ज्वाळा वर जाते, यांसारख्या न उलगडणाऱ्या गोष्टींना अदृष्ट, म्हणजे न दिसणारी शक्ती, हे कारण दिले होते. चुंबकत्व कळले तेव्हा अदृष्ट तिथून मागे सरले, आणि कोणाच्याही श्रद्धेला तडा गेला नाही.

प्रारब्धच असेल तर तपासण्या कशाला, असे म्हणणाऱ्यालाही परंपरेतच उत्तर आहे. चरकाच्या विमानस्थानात आयुष्य ठरलेले असते की नाही यावर चर्चा आहे, आणि सगळेच ठरलेले असते तर औषध, मंत्र, पथ्य आणि धोक्यापासून दूर राहणे, सारेच व्यर्थ झाले असते, असा त्यातल्या गुरू आत्रेयाचा रोख आहे. दैव आणि पुरुषकार दोन्ही धरावे लागतात. टिळकांनी 1915 साली गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांना मिळून एक प्रकरण दिले ते याचसाठी. जनुक हे आजचे प्रारब्ध म्हणा हवे तर. पीएनपीएलए3 चा भेद घेऊन जन्मलेल्याला तो बदलता येत नाही, पण वजनात सात ते दहा टक्के घट झाली तर अनेकांच्या यकृतातला दाह ओसरतो, हे सिद्ध झालेले आहे.

सगळे विचारून, तपासून झाल्यावरही काही माणसांचा आकडा उलगडत नाही. कावीळ बी आणि सी नाही, थायरॉईड ठीक, लोह आणि तांबे ठीक, स्वप्रतिकाराच्या खुणा नाहीत, सोनोग्राफी स्वच्छ. वय, दोन्ही विकरे आणि प्लेटलेट यांवरून काढलेला फिब-4 हा अंक 1.3 च्या खाली असेल तर यकृतात फार व्रण पडलेले असण्याची शक्यता कमी, एवढे सांगता येते. त्यापलीकडे डॉक्टरांनी ‘अजून कळत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ असे म्हणावे, आणि कागदावरही तसेच लिहावे. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र या तिसऱ्या उत्तराला जागा नसते. तिथे पात्र किंवा अपात्र असे दोनच शिक्के असतात, आणि एकदाच घेतलेल्या रक्तावर दुसरा शिक्का बसला की एका घराची वर्षभराची मिळकत जाते. तीन-चार आठवड्यांनी, आधीचे आठ दिवस जड काम आणि दारू टाळून, रक्त पुन्हा तपासायला खर्च फार येत नाही. त्या दुसऱ्या तपासणीपर्यंत शिक्का मारू नये, आणि घरानेही नाव ठेवू नये, एवढे मागण्याचा त्या माणसाला पूर्ण हक्क आहे.